अर्ध्यातून लागलेला पिक्चर

एक प्रश्न विचारते, खरं उत्तर द्या. 'सूर्यवंशम' तुम्ही पहिल्या सीनपासून शेवटच्या सीनपर्यंत, एका बैठकीत कधी पाहिलाय?

नाही ना? तरीही हीरा ठाकूर तुमच्या ओळखीचा आहे. ठाकूर भानुप्रताप सिंह ओळखीचे आहेत. खिरीत विष होतं हेसुद्धा तुम्हाला ठाऊक आहे. हा पिक्चर आला १९९९ मध्ये, म्हणजे तुमच्यातल्या बहुतेकांच्या जन्माआधी. थिएटरात तो फारसा चालला नाही. चालला तो घराघरात, दुपारी, जेवणाची ताटं उचलून झाल्यावर. आणि तुम्ही तो पाहिलात तुकड्यातुकड्यांनी. एकदा मधूनच, एकदा शेवटची वीस मिनिटं, एकदा पाहुणे येऊन टपकेपर्यंत. ते तुकडे डोक्यात आपोआप जोडले गेले आणि कधीतरी आख्खा पिक्चर तयार झाला.

दुपारचे पिक्चर आपण सगळ्यांनी असेच पाहिलेत. तेव्हा घरात 'काय बघूया?' असं कुणी विचारत नसे. 'काय लागलंय?' असं विचारायचे. पिक्चर आपण लावत नव्हतो, तो लागायचा. आपण जाऊन बसायचो तेव्हा तो निम्मा होऊन गेलेला असायचा, आणि आधी काय झालं हे सांगायला खोलीत कुणीतरी हजर असायचं.

मी तुमच्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठी. बार्शीत वाढलेली. तुमच्यातले जे मुंबई-पुण्यात वाढले त्यांच्या आठवणीत 'सेट मॅक्स' असेल, 'झी टॉकीज' असेल (ती सुरू झाली २००७ च्या ऑगस्टमध्ये), डब केलेला 'इंद्रा द टायगर' असेल, 'मेरी जंग: वन मॅन आर्मी' असेल. ते सगळं आमच्याकडेही होतंच. शिवाय रविवारी दुपारी चारला सह्याद्रीवर मराठी पिक्चर असायचा. पण आमच्याकडे आणखी एक गोष्ट होती, जी आता सांगितली तर हॉस्टेलमधल्या ज्युनिअर मुलींना खोटी वाटते. आमच्या केबलवाल्याचा स्वतःचा चॅनेल होता.

त्याला रीतसर नाव होतं, पण ते कुणी घेत नसे. 'केबलचा चॅनेल' एवढंच. केबलवाल्या काकांची कंट्रोल रूम म्हणजे एका दुकानावरची माडी. गच्चीवर चार-पाच मोठ्या डिश, आत लोखंडी रॅकमध्ये एकावर एक रचलेले डबे. आकाशातून आलेला प्रत्येक चॅनेल एकेका डब्यातून पुढे जायचा, मग सगळे एका वायरीत शिरायचे आणि ती वायर पोलापोलावरून, गच्च्यांवरून, लिंबाच्या झाडातून आपापल्या घरी. रॅकमधल्या एका डब्याला मात्र डिश जोडलेली नसायची. त्याला आधी व्हीसीआर होता, मग सीडी प्लेअर आला, शेवटी एक कॉम्प्युटर. त्यात काका जे घालतील ते गावातल्या सगळ्या टीव्हींवर दिसायचं. बस्स, झाला चॅनेल.

दुपारी दोनला पिक्चर. खाली पट्टी सरकायची. साड्यांचा सेल, दहावीचे क्लासेस, कुणाचा तरी पहिला वाढदिवस, उद्या पाणी येणार नाही, बसस्टँडवर काळ्या रंगाची पर्स सापडली आहे ओळख पटवून घेऊन जावे. पिक्चर कॉम्प्युटरवर आल्यापासून माऊसचा बाण हिरोच्या नाकावर येऊन बसायचा आणि तिथंच राहायचा. सीडीवर चरा असला की पडद्यावर चौकोन चौकोन व्हायचे. मग गल्लीतलं कुणीतरी कंट्रोल रूमला फोन करायचं, आणि पाच मिनिटांनी पिक्चर तेवढा तुकडा गाळून पुढे. त्या गाळलेल्या तुकड्यात हिरॉईनचं लग्न झालेलं असायचं.

हक्क वगैरे कुणी विचारत नव्हतं, हेही सांगून टाकते. नवा पिक्चर थिएटरात असतानाच इकडे लागायचा, त्यात पुढून माणसांची डोकी जायची. ज्यांनी पैसे घालून पिक्चर काढला त्यांना यातून दमडी मिळत नव्हती. ते वाईटच होतं. आठवणीच्या नादात त्याला गोड करण्यात अर्थ नाही.

मला सांगायचंय ते वेगळंच. इतकी वर्षं आपण 'आमच्या लहानपणीचा दुपारचा पिक्चर' म्हणतोय खरं, पण ती दुपार आपली नव्हतीच.

आठवून बघा. तुम्हाला दुपारी घरी राहायला मिळायचं कधी? उन्हाळ्याच्या सुट्टीत, दिवाळीच्या सुट्टीत, परीक्षा संपल्याच्या दिवशी, नाहीतर ताप आला म्हणून. एरवी आपण शाळेत. म्हणजे आपण त्या दुपारचे पाहुणे. मालकीण वेगळीच होती. सकाळी पाचला उठून पाणी भरणारी, डबे करणारी, दीडपर्यंत सगळ्यांना वाढून मग स्वतः जेवणारी. दोन ते साडेचार हा तिचा वेळ. त्याआधी कामं आणि त्यानंतर चहा. या अडीच तासांत तिला कुणी हाक मारत नसे. बापे कामावर, पोरं शाळेत, दाराला कडी, पंखा तीनवर, आणि समोर पिक्चर.

टीव्हीवाल्यांना हे पक्कं माहीत होतं. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, तेव्हा टीव्ही हे संध्याकाळचं प्रकरण होतं. मराठी पिक्चर शनिवारी संध्याकाळी, हिंदी रविवारी संध्याकाळी. तेव्हा गल्लीत एखाद्याकडे टीव्ही असायचा, सगळे त्याच्या घरी, पुढे पोरं, मागे बाया, खुर्चीवर घरमालक. माझी आई सांगते, कुणाच्या घरी पिक्चर बघायला जायचं तर त्या घरच्या बाईंची आधी चार कामं करावी लागत. दुपारचं रोजचं प्रसारण सुरू व्हायला १९८९ उजाडलं. आणि नव्वदच्या दशकात 'शांती' आली, 'स्वाभिमान' आली, सह्याद्रीवर 'दामिनी' आली, सगळ्या दुपारीच. कारण दुपारी टीव्हीसमोर कोण बसतं याचं गणित त्यांनी मांडलेलं होतं. आपल्या घरात मात्र ते कुणी मांडलं नव्हतं. आपल्याला वाटायचं, आजी काय, दिवसभर घरीच असते.

माझी आजी पिक्चर बघायची ते बघण्यासारखं असायचं. खुर्चीवर नाही, फरशीवर, भिंतीला टेकून, पाय लांब करून. हातात निवडायला काहीतरी. मेथी, शेंगा, नाहीतर तांदूळ. नजर पडद्यावर, बोटं ताटात, आणि खडा बरोबर बाहेर. समोर जे चाललंय त्यावर तोंड सुरू. "आता बघ, हा येतोय. ह्यानंच मारलंय त्याला." स्पॉयलर हा शब्द आम्ही फार नंतर शिकलो. निळू फुले पडद्यावर आले की आजी ताट बाजूला ठेवायची आणि कडाकडा बोटं मोडायची. हा माणूस प्रत्यक्षात सज्जन होता, चळवळीत होता, सेवादलात होता, हे मी कॉलेजात गेल्यावर तिला सांगितलं तर तिला पटलं नाही. "असंल. पण नजर बघितलीस का त्याची?" नटाला याहून मोठी पावती कुठली मिळायची?

तिनं पहिला पिक्चर पाहिला तो जत्रेतल्या तंबूत. टुरिंग टॉकीज. खाली माती, एका बाजूला बाया, एका बाजूला गडी, मध्ये दोरी. 'सांगत्ये ऐका' तिनं तसाच पाहिला, आला त्याच्या किती वर्षांनी ते तिलाही आठवत नव्हतं. पुण्यात विजयानंद टॉकीजला हाच पिक्चर १३१ आठवडे चालला होता. आजीला पुणं माहीत नव्हतं, आकडाही माहीत नव्हता, पण त्यातल्या हंसाबाई वाडकरांची चाल माहीत होती आणि अंगणात कुणी नसताना ती आम्हाला करून दाखवायची.

माझं सिनेमाचं शिक्षण जे काही झालं ते त्या फरशीवर. 'अशी ही बनवाबनवी', 'धूमधडाका', 'झपाटलेला' हे तर तुमचेही पाठ असतील. तात्या विंचूला घाबरून आम्ही चुलत भावंडं रात्री मोरीत एकटं जायचो नाही. पण त्याच चॅनेलवर, त्याच आठवड्यात, 'जगाच्या पाठीवर' लागायचा, 'पिंजरा' लागायचा, 'वहिनीच्या बांगड्या' लागायचा. १९५३ चा पिक्चर आणि १९९३ चा पिक्चर यांच्यात चाळीस वर्षांचं अंतर आहे हे आम्हाला कळत नव्हतं. एक काळा-पांढरा, एक रंगीत, एवढाच फरक. सुलोचनाबाई आणि अलका कुबल आमच्यासाठी एकाच वेळी जिवंत होत्या, एकाच गल्लीत राहत असल्यासारख्या. आता तुमच्या मोबाइलच्या होमपेजवर १९६० चा राजा परांजप्यांचा पिक्चर शेवटचा कधी आला होता ते आठवा. येणारच नाही. तुम्ही कधी मागितला नाही, म्हणून तो तुम्हाला दाखवत नाही. आणि कधी पाहिलाच नाही, तर मागणार कसा?

अलका कुबलचं नाव निघालंच आहे तर थोडं थांबते. 'माहेरची साडी' आला १९९१ मध्ये. आपल्या पिढीसाठी तो विनोद झालाय. कुणी जरा रडलं की 'अलका कुबल नको होऊस' म्हणायचं, मीम टाकायचं. मीही हसते. पण त्या पिक्चरच्या दुपारी आमच्या खोलीत काय व्हायचं ते मी पाहिलंय. शेजारच्या दोघी-तिघी मुद्दाम आमच्याकडे यायच्या, घरी टीव्ही असून. एकटीनं बघायचा नाही हा पिक्चर, असा अलिखित नियम असावा. पदर तोंडाला लावून सगळ्या रडायच्या. मध्येच जाहिरात लागली की डोळे पुसून साबणाच्या भावावर बोलायच्या, जाहिरात संपली की पुन्हा रडायच्या. आम्हा पोरांना ते भयंकर गमतीचं वाटायचं. त्यातल्या एका काकूंचं माहेर तीस किलोमीटरवर होतं आणि त्या सहा वर्षांत तिकडे गेल्या नव्हत्या, हे मला मोठेपणी आईकडून कळलं. साडेचारला त्या उठायच्या, "चला बाई, दूध तापवायचंय" म्हणायच्या आणि तोंड धुऊन घरी जायच्या. त्यांना घरात रडताना कुणी पाहिलं असतं तर दहा प्रश्न विचारले असते. पिक्चर बघून रडणाऱ्या बाईला कुणी काही विचारत नाही.

आणि मग लाइट जायची.

तुमच्यातल्या तालुक्याच्या गावांतल्या मुलांना भारनियमनाची आठवण पुसट का होईना असेल. माझ्या शाळेच्या सगळ्या वर्षांत ते होतं. वेळापत्रक ठरलेलं असायचं आणि ते पाळलंही जायचं नाही. शिवाय आमच्याकडे लाइट असून भागत नसे. कंट्रोल रूमकडे लाइट हवी, मधल्या पोलावरच्या ॲम्प्लिफायरला लाइट हवी. त्यामुळे कुठलाही पिक्चर कुठल्याही क्षणी संपायचा. हिरोनं कुऱ्हाड उगारली आणि पडदा काळा. पंखा हळूहळू थांबायचा, खोलीत एकदम उकडायला लागायचं, आणि सगळे आजीकडे बघायचे.

उरलेला पिक्चर आजी सांगायची. तिनं तो आधी पाहिलेला असायचा, नाहीतर पाहिल्यासारखं सांगायची. मारामारी सांगताना हातात लाटणं. गाण्याच्या ठिकाणी "हितं गाणं हाय" एवढंच, वेळ घालवायची नाही. मी निम्म्याहून जास्त पिक्चरचे शेवट कानांनी पाहिलेत. पुढे पुण्याला आल्यावर, लॅपटॉप हातात आल्यावर, त्यातले काही शोधून काढले तेव्हा लक्षात आलं की आजीचे शेवट आणि खरे शेवट जुळत नाहीत.

सगळ्यात मोठा फरक होता 'श्यामची आई'मध्ये. आचार्य अत्र्यांचा, १९५३ चा. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालेला. मी दुसरीत असेन, अंगात ताप होता, आजीच्या मांडीवर डोकं. आई आजारी पडते तिथपर्यंत आलो आणि लाइट गेली. मी विचारलं, मग काय झालं? आजी म्हणाली, "मग डॉक्टर आला. औषध दिलं. घाम आला, ताप उतरला, उठून बसली आई. मग श्याम आला, त्याला भात वाढला." मी झोपून गेले. पुढची तीन-चार वर्षं माझ्या लेखी श्यामची आई ठणठणीत होती. पाचवीत पुस्तक वाचलं आणि मी चिडून आजीकडे गेले. तू खोटं सांगितलंस. आजी शेंगा फोडत होती, मान वर केली नाही. म्हणाली, "लाइट गेली व्हती. कुणी बघितलंय?"

आजीची स्वतःची आई ती नऊ वर्षांची असताना गेली, हे मला आणखी बऱ्याच वर्षांनी कळलं.

आता ती दुपार कशी गेली ते सांगते, कारण ती आपोआप गेली असं सगळे समजतात. मोबाइल आला, ओटीटी आलं, जमाना बदलला, वगैरे. निदान आमच्या घरात तरी तसं झालं नाही. आधी सेटटॉप बॉक्स आला. सरकारनं केबलचं डिजिटल रूपांतर टप्प्याटप्प्यानं केलं. मुंबईत २०१२ च्या ऑक्टोबरअखेर, पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर वगैरे शहरांत २०१३ च्या मार्चअखेर, आणि उरलेली लहान गावं २०१७ च्या मार्चपर्यंत. चित्र स्वच्छ झालं, चॅनेल शेकड्यानं वाढले. पण त्याआधी आजीला टीव्ही लावता येत होता. एक बटण दाबलं की सुरू, सात नंबर दाबला की केबलचा चॅनेल. आता दोन रिमोट झाले. एक टीव्हीचा, एक डब्याचा. चुकून टीव्हीच्या रिमोटचं भलतं बटण दाबलं की पडदा निळा, आणि त्यावर इंग्रजीत काहीतरी. मी तेव्हा पुण्यात कॉलेजात होते. अडीचला फोन यायचा. "अगं, ते निळं निळं आलंय." लेक्चर बुडवून मी कॉरिडॉरमध्ये उभी, "आजी, मोठ्या रिमोटवर वरच्या कोपऱ्यात बघ, त्यावर बाण आहे का?" तिला बाण दिसायचा नाही. चष्मा आत असायचा. दहा मिनिटांनी ती म्हणायची, "ऱ्हाऊ दे, तुझी शाळा चालूय," आणि फोन ठेवायची. मग संध्याकाळी पप्पा घरी येईपर्यंत पडदा निळाच.

तुमच्यातल्या किती जणांना असे फोन येतात? मला वाटतं बऱ्याच जणांना येत असतील. कुणी त्याला कंटाळा म्हणतं, कुणी रील करतं.

नंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये नवी पद्धत आली. १३० रुपये अधिक कर, त्यात शंभर चॅनेल, आणि पैशाचे चॅनेल आपले आपण निवडायचे. ग्राहकाला निवडीचं स्वातंत्र्य, असं त्याचं कौतुक झालं, आणि कागदावर ते बरोबरही आहे. आमच्याकडे त्या यादीला रविवारी सकाळी बसले पप्पा आणि काका. क्रिकेट ठेवलं. बातम्या ठेवल्या, तीन-तीन. कार्टून ठेवलं, धाकट्यासाठी. पिक्चरचे चॅनेल काढले, कारण 'पिक्चर काय, मोबाइलवर दिसतात'. आजी त्याच खोलीत लसूण सोलत होती. तिला कुणी विचारलं नाही. तिनंही काही म्हटलं नाही. घरात वाद झाला नाही, त्यामुळे काही गेलं असं कुणालाच वाटलं नाही.

मला तो प्रसंग फार मोठा करायचा नाही. तीन-चार महिन्यांनी आईच्या लक्षात आलं आणि तिनं एक चॅनेल परत घ्यायला लावला. पण तुमच्या घरात रिचार्ज कोण करतं, यादी कोण ठरवतं आणि दुपारी घरात असतं कोण, ही तीन नावं एका कागदावर लिहून बघा. आमच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर आम्ही हे केलं. सात घरांपैकी एकाही घरात ती नावं जुळली नाहीत.

मध्ये एक वेगळाच काळ येऊन गेला. २०२० चा लॉकडाऊन. तुम्ही तेव्हा आठवी-नववीत असाल. मार्चच्या शेवटी दूरदर्शननं 'रामायण' पुन्हा दाखवलं आणि कितीतरी घरांत कित्येक वर्षांनी सगळे एका टीव्हीसमोर बसले. त्यावर तेव्हा खूप लिहून आलं, घर एकत्र आलं, जुने दिवस परत आले. आमच्या आईला विचारलं तर ती वेगळं सांगते. तिच्या मते त्या चार महिन्यांत तिला एकही दुपार मिळाली नाही. सगळे घरात. दोनला जेवण, तीनला कुणाला तरी चहा, चारला भजी. पप्पांना बातम्या हव्यात, धाकट्याचा ऑनलाइन क्लास. दाराला कडी लावून पंख्याखाली बसायचे ते अडीच तास नाहीसे झाले. आठवणी काढताना आपण 'सगळे एकत्र' या चित्रावर फार भाळतो. आईला उलट सगळे बाहेर गेलेले हवे होते.

दुपारचा पिक्चर संपला असं मात्र म्हणू नका. आपण तिथून उठून आलो, एवढंच. डीडी फ्री डिश अजून आहे, महिन्याचे पैसे भरावे न लागता चालते, आणि गावाकडे कितीतरी घरांवर तीच छत्री दिसते. त्यावर पिक्चरचे चॅनेल आहेत, डब केलेले हाणामारीचे पिक्चर आहेत. दोन वाजता कडी लागते, अजूनही. अडीच तासांचा पिक्चर जाहिराती धरून साडेतीन-चार तास चालतो, आणि कुणीतरी तो मेथी निवडत बघत असतं.

पुण्यातही. मी आता जिथे जेवते त्या मेसच्या काकू दुपारची पंगत उठली की अडीचच्या सुमाराला खाली चटई टाकतात. वर भिंतीला छोटा टीव्ही. पाच वाजता संध्याकाळची कणीक मळायची असते, तोवर त्या आणि भांडी घासणाऱ्या मावशी, दोघीच. गेल्या महिन्यात एका मंगळवारी माझं काम लवकर आटोपलं, जेवायला उशीर झाला, आणि मी ताट घेऊन तिथंच बसले. 'गंमत जंमत' लागला होता. अशोक सराफ, सचिन, वर्षा उसगावकर, १९८७. निम्मा होऊन गेलेला. मी विचारलं, काकू, आधी काय झालं? काकूंनी माझ्या ताटात न विचारता अर्धी पोळी वाढली आणि सांगायला सुरुवात केली. मावशी मध्येमध्ये त्यांची चूक दुरुस्त करत होत्या. दोघींचं एका सीनवर जुळेना. त्यांचा वाद चालू असतानाच पुढचे दोन सीन निघून गेले, ते आम्ही तिघींनीही पाहिले नाहीत.

बाहेरून एक फर्स्ट इयरची मुलगी डोकावली. मेस चालू आहे का, म्हणाली. जेवण संपलं होतं. काकू पडद्यावरची नजर न काढता तिला म्हणाल्या, "ये की, बस. आत्ताच लागलाय."